डोळ्याचं पाणी आणि नाकाचा वाकडा पडदा: एकाच भुलीत दोन्ही करावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका ५१ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापासून त्यांच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी येतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात आणि नाकालगतचा कोपरा दाबला की पांढरट पू वर येतो. नेत्रतज्ज्ञांनी सिरिंजिंग करून (म्हणजे अश्रूंच्या वाटेत पिचकारीने पाणी सोडून) अश्रुनलिका पूर्ण बंद असल्याचं सांगितलं. डीसीआर, म्हणजे अश्रूंना नाकात नवी वाट काढून देणारं ऑपरेशन, करावी लागेल, आणि चेहऱ्यावर व्रण नको असेल तर ती नाकातून दुर्बिणीनेही होते, असं म्हणून त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे नाक तपासल्यावर ‘पडदा डावीकडे बराच वाकलाय, तोही त्याच वेळी सरळ करू’ असं सुचवण्यात आलं.

घरात दोन मतं आहेत. पती म्हणतात, भूल घ्यायचीच आहे तर दोन्ही उरकून टाक. बहीण म्हणते, डोळ्यासाठी गेलीस आणि नाकाचं ऑपरेशन गळ्यात मारताहेत. लेखिका विचारतात: ‘मला नाकाचा काहीच त्रास नाही. लहानपणापासून डाव्या कुशीवरच झोप लागते, उजवीकडे वळलं की गुदमरल्यासारखं होतं आणि सकाळी तोंड कोरडं पडतं, पण ते नेहमीचंच. पडदा वाकडा असल्यामुळेच नळी बंद झाली असेल का? तसं असेल तर नुसता पडदा सरळ करून डोळा बरा होईल का? की पडद्याला हात न लावता फक्त डोळ्याचं करून घेऊ? नाकातले बोळे काढताना जीव जातो असं ऐकलंय, त्याचीही धास्ती आहे.’

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आधी घेते. नुसता पडदा सरळ करून डोळ्याचं पाणी थांबणार नाही. अश्रू पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून आत शिरतात, डोळा आणि नाक यांच्यामधल्या अश्रुपिशवीत येतात आणि पिशवीच्या खालून निघणाऱ्या नळीतून नाकात उतरतात. ही नळी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरची. तिचा बराचसा भाग हाडातल्या अरुंद बोगद्यातून जातो आणि ती नाकाच्या बाजूच्या भिंतीवर, सर्वांत खालच्या मांसल उंचवट्याच्या आडोशाला उघडते. पडदा असतो नाकाच्या मधोमध. तुमची नळी बंद झाली आहे ती त्या बोगद्यात. आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं थोडी थोडी सूज येत राहते, अस्तर जाड होतं आणि शेवटी पोकळीच बुजते. चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतं. पडदा कितीही सरळ केला तरी बुजलेली नळी उघडायची नाही.

मग पडद्याचा विषय निघालाच कसा, हा तुमच्या बहिणीचा सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर डीसीआर नेमकी कुठे होते यात आहे. या ऑपरेशनमध्ये बंद नळीच्या वाटेला कोणी जातच नाही. तिला बाजूला ठेवून पिशवीतून थेट नाकात नवी वाट काढतात. इटलीतल्या तोती यांनी १९०४ मध्ये चेहऱ्यावर छोटा छेद घेऊन ही वाट काढायची पद्धत मांडली, आणि ती आजही उत्तम चालते. नाकाच्या आतून जाण्याचा प्रयत्न त्याही आधी, १८९३ मध्ये, कॉल्डवेल यांनी केला होता; पण त्या काळात नाकात एवढं आत नीट दिसायचंच नाही. नाकाच्या दुर्बिणी आल्या आणि १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मीरिंग यांनी दुर्बिणीतून केलेल्या डीसीआरची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा मार्ग रुळला. सरावलेल्या हातात दोन्ही मार्गांनी १० पैकी साधारण ९ जणांचा त्रास जातो.

आतून पाहिलं तर अश्रुपिशवी नाकाच्या बाजूच्या भिंतीमागे असते. मधल्या मांसल उंचवट्याचं पुढचं टोक भिंतीला जिथे चिकटतं ती तिची खूण, आणि पिशवीचा बराच भाग त्या खुणेच्याही वर गेलेला असतो. म्हणजे सर्जनला काम करायचं असतं ते नाकात वर आणि पुढे. तिथे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण, तिच्या शेजारून हाड कुरतडणारा पंच किंवा बारीक ड्रिल, शिवाय रक्त ओढून घेणारी नळी, हे सगळं एकाच नाकपुडीतून न्यावं लागतं. पडदा नेमका त्याच उंचीवर भिंतीकडे झुकलेला असेल तर हत्यारं त्याला घासत आत जातात, त्यावरचं अस्तर सोलतं, दुर्बिणीची काच रक्ताने पुन्हा पुन्हा माखते आणि दिसेनासं होतं. मग पिशवीचा वरचा भाग पुरता उघडला जात नाही. डीसीआर फसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. शिवाय ऑपरेशननंतर नव्या वाटेच्या तोंडासमोर जेमतेम एका काडीएवढी फट उरते आणि समोरासमोरचे दोन ओले पृष्ठभाग एकमेकांना चिकटून वाट बुजते. अशा नाकात पडदा सरळ करणं हा डोळ्याच्याच ऑपरेशनचा भाग आहे. तिथे ‘दोन ऑपरेशनं’ म्हणून मोजायचं काही कारण नाही.

पण पडदा तळाशी वाकलेला असेल, किंवा खाली हाडाचा टोकदार काटा भिंतीकडे आला असेल, तर चित्र वेगळं. तो काटा दिसायला कितीही मोठा असो, सर्जन त्याच्या वरून सहज पुढे जातो. म्हणून ‘बराच वाकलाय’ एवढ्यावर तुम्ही हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. किती वाकलाय यापेक्षा कुठे वाकलाय हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. वाचकांपैकी कुणाचा उजवा डोळा वाहत असेल आणि पडदा डावीकडे कललेला असेल, तर उजव्या बाजूला उलट मोकळी जागा मिळते. त्यांना डोळ्यासाठी पडद्याला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की दुर्बिणीची तपासणी पडद्यावर दाखवा, म्हणजे स्क्रीनवर. आधी ते नाकात सूज उतरवणारं औषध टाकतील, पाच-दहा मिनिटं थांबतील आणि मग डाव्या नाकपुडीतून दुर्बीण आत नेतील. त्या वेळी एवढंच विचारा: ‘मधल्या उंचवट्याचं पुढचं टोक आणि त्याच्या वरची जागा इथून मोकळी दिसतेय का?’ दिसत असेल तर डीसीआरला वाट आहे. त्या जागेऐवजी समोर गुलाबी भिंतच येत असेल आणि दुर्बीण तिला टेकल्याशिवाय पुढे जात नसेल, तर तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे, आणि हे दृश्य बहिणीलाही दाखवा. माझ्या अनुभवात अशी शंका समजावून सांगण्यापेक्षा स्क्रीनवर दाखवून लवकर मिटते.

आता ‘मला नाकाचा काहीच त्रास नाही’ या वाक्याकडे वळते. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त थबकायला लावलं ते याने, कारण लगेच पुढच्या ओळीत तुम्ही स्वतःच त्रास लिहिला आहे. माणूस कुशीवर झोपला की खालच्या बाजूच्या नाकपुडीतलं अस्तर रक्ताने भरून फुगतं आणि ती नाकपुडी कोंदते. हे सगळ्यांचंच होतं. तुमची डावी नाकपुडी पडद्यामुळे आधीच अरुंद असणार. डाव्या कुशीवर झोपलात की डावी कोंदते, पण उजवी वर मोकळी राहते आणि श्वास चालतो. उजव्या कुशीवर वळलात की चांगली नाकपुडी कोंदते आणि वर उरते ती मुळातच अरुंद. म्हणून गुदमरतं. मग तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि सकाळी तोंड कोरडं पडतं. लहानपणापासून असंच असल्यामुळे तुम्ही त्याला त्रास म्हणतच नाही. मोकळा श्वास कसा असतो हे ठाऊकच नसेल तर तुलना कशाशी करणार?

मात्र यावरून पडदाच दोषी असा निकाल मी देत नाही. तोंड कोरडं पडायला इतर कारणंही असतात. ॲलर्जीमुळे मांसल उंचवटे सुजूनही नाक असंच चोंदतं, आणि अशा नाकात पडदा सरळ केला तरी सूज राहतेच. थोडे दिवस एक साधी नोंद ठेवा. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना एकेक नाकपुडी अंगठ्याने हलकेच बंद करा आणि दुसरीने श्वास घेऊन बघा. दाबताना नाक वाकवू नका. कोणती चोंदलेली आहे ते वहीत लिहा. निरोगी नाकातही काही तासांनी नाकपुड्यांची पाळी बदलत असते, कधी ही मोकळी, कधी ती. सुजेचं चोंदणंही असंच बाजू बदलतं किंवा दोन्हीकडे असतं. वाकड्या पडद्याचं मात्र बाजू सोडत नाही. नोंदीत जवळजवळ प्रत्येक वेळी डावीच आली, तर समजा पडद्याचा हात आहे. शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी हे जोडीला असेल तर डॉक्टरांना आधी चार-सहा आठवडे स्टेरॉइडचा नाकातला फवारा देऊन बघायला सांगा. डीसीआर काही उद्याच्या उद्या करायची नसते, तेवढा वेळ हाताशी असतो. नाक झटक्यात मोकळं करणारे जे थेंब मिळतात ते मात्र या कामासाठी वापरू नका. आठवडाभरापेक्षा जास्त वापरले की त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

श्वासाचा त्रास खरोखर पडद्यामुळे असेल तर ऑपरेशनचा उपयोग होतो का? होतो, आणि आता ते नीट तपासलं गेलं आहे. नेदरलँड्समधली एक चाचणी २०१९ मध्ये आणि ब्रिटनमधली दुसरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत पडदा वाकडा असलेल्या प्रौढांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काहींचं ऑपरेशन केलं आणि काहींना ऑपरेशनशिवाय ठेवलं. दोन्हींत ऑपरेशन झालेल्यांचा श्वास जास्त सुधारला. पण लक्षात घ्या, ही सगळी माणसं नाक चोंदतं अशी तक्रार घेऊन आलेली होती. ज्यांना तक्रारच नाही, त्यांचा पडदा केवळ स्कॅनच्या अहवालात वाकडा दिसला म्हणून सरळ करावा, असं या चाचण्या म्हणत नाहीत. काटेकोर सरळ पडदा फार थोड्यांचा असतो. कुठल्याही कारणाने सायनसचा स्कॅन केला तरी अहवालात पडदा डावीकडे किंवा उजवीकडे कलल्याची ओळ बहुतेक वेळा असतेच.

म्हणजे पडद्याला हात लावायची कारणं दोनच: डोळ्याच्या ऑपरेशनला वाट हवी म्हणून, किंवा तुमच्या श्वासासाठी. ‘भूल आहेच तर’ हे तिसरं कारण पतींनी पुढे केलं आहे. त्यामागची काळजी मला समजते, पण तेवढ्यावर ऑपरेशन वाढवू नये. भूल एक असली तरी जखमा दोन असतात, आणि पडद्याच्या ऑपरेशनला त्याचे स्वतःचे धोके आहेत. क्वचित पडद्याला भोक पडतं, दोन पदरांमध्ये रक्त साचतं, वरच्या पुढच्या दातांना काही काळ बधिरपणा येतो. हे धोके लहान आहेत, पण कारणच नसेल तर लहान धोकाही का घ्यावा?

वाटेसाठी किंवा श्वासासाठी पडदा करायचं ठरलं, तर मात्र दोन्ही एकाच वेळी करणं मला सरस वाटतं. ही जोडी सर्जनना नवीन नाही. पडद्याचं काम आधी होतं, कारण त्यानेच वाट मोकळी होते आणि पू साठलेली पिशवी शेवटी उघडली जाते. वेळ साधारण अर्ध्या-पाऊण तासाने वाढतो. बदल्यात भूल एकदाच, नाक सावरण्याचे आठवडे एकदाच आणि कामावरची रजाही एकदाच. वाटेपुरतंच करायचं असेल तर दुर्बिणीतून फक्त आडवा येणारा भाग काढता येतो, सगळा पडदा उलगडावा लागत नाही. ‘पूर्ण करणार की आडवा येतो तेवढाच?’ हा प्रश्न जरूर विचारा. नाकाचा आकार बदलेल का, अशी धास्ती अनेकींना असते. पडद्याचा वरचा आणि पुढचा साधारण एक-एक सेंटीमीटरचा पट्टा आधारासाठी ठेवतात, त्यामुळे बाहेरून नाक सहसा होतं तसंच राहतं.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त डीसीआर करायची, आणि संमतिपत्रात ‘गरज पडल्यास पडद्याचं काम’ असं लिहून घ्यायचं. तपासणीत जागा काठावरची वाटत असेल तर हे उत्तम. मात्र ‘गरज’ म्हणजे काय ते आधी बोलून ठेवा, आणि विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्ही नावं टाकायला सांगा. नंतर जोडलेलं नाव मंजूर करून घेताना फार धावपळ होते.

तिसरा पर्याय बाहेरून डीसीआर करण्याचा. तुमच्यासमोर तो नीट मांडला गेला आहे असं पत्रावरून वाटत नाही, म्हणून सांगते. छेद सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो, नाकाच्या कडेला येतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत दिसेनासा होतो. नाकातल्या जागेची अडचण त्यात फारशी येत नाही, आणि गुंगी देऊन जागा बधिर करूनही तो करता येतो. हृदयविकार आहे, लांब भूल झेपणार नाही, अशा वाचकांनी हा पर्याय जुनाट म्हणून बाजूला सारू नये. फक्त पडदा अगदी भिंतीला टेकलेला असेल तर बाहेरून काढलेली वाटही नाकाच्या बाजूने बुजू शकते, तेवढं विचारून घ्यावं.

आधी पडदा आणि काही महिन्यांनी डोळा, असं दोन टप्प्यांत करायचा आग्रह काहीजण धरतात. दोन वेळा भूल आणि मध्ये पू तसाच, हे मला तुमच्यासाठी पटत नाही. त्याला अपवाद एक. पिशवी अचानक लाल होऊन सुजली, ठणकायला लागली, ताप आला, तर आधी प्रतिजैविकं. काही सर्जन अशा वेळीही दुर्बिणीतून पिशवी उघडून पू वाहता करतात, पण पडद्याचं काम त्या सुजेत कुणी काढू नये.

बोळ्यांबद्दल. तुम्ही ऐकलं ते कोणे एके काळी सर्रास खरं होतं. लांबच लांब फीत नाकात ठासून भरायचे आणि काही दिवसांनी ओढून काढायचे. आता पडद्याचे दोन पदर आतूनच विरघळणाऱ्या टाक्यांनी एकमेकांना शिवतात, त्यामुळे अनेकदा बोळ्यांची गरजच राहत नाही, किंवा आपोआप विरघळणारा तुकडा ठेवतात. तुमच्यासारख्या जोड-ऑपरेशनमध्ये मात्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या, म्हणजे स्प्लिंट, आठवडाभर ठेवल्या तर त्या नाकारू नका. पडद्याची जखम आणि नव्या वाटेची जखम समोरासमोर आहेत, त्यांना चिकटू न देण्याचं काम त्या करतात. त्या गुळगुळीत असतात. काढताना डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते आणि लगेच नाक मोकळं वाटतं. नाकात काय ठेवणार, ते कधी आणि कसं काढणार, हे आधीच विचारून घ्या. माहीत असलेल्या गोष्टीची धास्ती निम्मी होते.

नव्या वाटेतून सिलिकॉनची बारीक नळी ठेवायची की नाही, यावर सर्जनांमध्ये एकमत नाही, आणि पहिल्याच ऑपरेशनला ती सगळ्यांना लागते असंही नाही. ठेवली तर काही आठवड्यांनी दवाखान्यातच, भूल न देता काढतात. पापण्यांच्या कोपऱ्यात तिचा छोटासा पारदर्शक फास दिसतो. डोळा चोळताना तो बोटात अडकून बाहेर आला तर घाबरू नका, ओढू किंवा कापू मात्र नका. चिकटपट्टीने नाकाला टेकवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशनपूर्वी सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना द्या, वेदनाशामकं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि काढे-चूर्णंसुद्धा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. ते कोणी लिहून दिलं त्यांच्याशी बोलूनच ठरवायचं. रक्तदाब ताब्यात हवा, कारण दुर्बिणीच्या कामात थोडं रक्तही सगळं झाकून टाकतं. धूम्रपान करणाऱ्या वाचकांनी ते काही आठवडे आधीपासून सोडावं, कारण नाकातल्या जखमा धुराने खरोखर रेंगाळतात.

नंतरचा पहिला आठवडा कंटाळवाणा असतो. नाक बंद, डोकं जड, डोळ्याखाली थोडा काळेपणा, घशात रक्ताळलेला शेंबूड. डोकं उशीवर उंच ठेवून झोपा. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्या. वजन उचलणं, खाली वाकून कामं करणं टाळा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हे माझ्या मते ऑपरेशनाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि रोगी सगळ्यात आधी सोडतात तेही हेच. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि सांगतील तितक्या वेळा, सांगतील तितके दिवस धुवा. तपासणीच्या भेटी चुकवू नका. त्यात डॉक्टर दुर्बिणीतून खपल्या काढतात, कुठे चिकटायला लागलं असेल तर तेव्हाच सोडवतात. सहा आठवड्यांनी घट्ट झालेली चिकटण सोडवायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. नाकातलं नवं छिद्र महिन्याभरात बरंच आक्रसतं, ते तसं होणारच असतं, आणि लहान उरलं तरी काम करतं. पुढे कधी नाक शिंकरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा फुसकन आली तर दचकू नका, वाट उघडी असल्याची ती खूण आहे.

वाट उघडी असूनही पाणी थोडं राहिलं तर ऑपरेशन फसलं असा निष्कर्ष लगेच काढू नका. पापणी सैल पडली असेल, किंवा कोरडेपणामुळे डोळा चुरचुरून जास्त पाणी सोडत असेल, तर नाकातल्या वाटेचा त्यात दोष नसतो. डोळ्यातून पाणी येतं एवढ्यावर ऑपरेशनची तारीख घेणाऱ्या वाचकांसाठीही हेच. तुमच्याकडे दाबल्यावर पू येतो आणि सिरिंजिंगमध्ये नळी बंद दिसली, म्हणून निदान पक्कं आहे. हे दोन्ही झालेलं नसेल तर आधी ते करून घ्यावं.

काही लक्षणांना मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. नजर अंधुक होणं, दोन-दोन दिसणं, डोळा पुढे येऊन ताणल्यासारखा दुखणं. दाबूनही न थांबणारा रक्तस्राव. नाकातून वाकल्यावर पाण्यासारखा स्वच्छ स्राव ठिबकणं. आणि दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च होऊन नाकात ठणका लागणं, कारण पडद्याच्या पदरांत रक्त साचलं की कूर्चा (पडद्यातलं मऊ हाड) काही दिवसांत खराब होते. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. आणि ऑपरेशनच्या आधी कुणाच्या अश्रूंत रक्त येत असेल, किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातली गाठ वरच्या बाजूला सरकत मोठी होत असेल, तर साधी बंद नळी समजू नका. आधी स्कॅन करून पिशवीत दुसरं काही नाही ना हे बघावं लागतं.

शेवटी मोतीबिंदूबद्दल, कारण तुमच्या वयाचे पुष्कळ वाचक दोन्ही घेऊन येतात. पिशवीत पू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन करू नये, तो संसर्ग डोळ्याच्या आत गेला तर नजर जाऊ शकते. त्यामुळे आधी डीसीआर, वाट उघडी असल्याची सिरिंजिंगने खात्री, आणि मग मोतीबिंदू. तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूचा विषय काढला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना तसं सांगा, म्हणजे तारखा त्या हिशेबाने लावता येतील.